दिवा लागायच्या आधी

३ जानेवारी

"तुझ्या घरात मूल रडणार नाही गं बाई. तोंड उघडायच्या आत तू पोचलेली असशील." मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातली एक नर्स मला हे म्हणाली होती. म्हणताना ती हसत नव्हती, पाळण्याकडे बघत होती. मला मात्र इतका अभिमान वाटला की पुढे कितीतरी वर्षं मी हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं.

आज ते आठवलं, कारण नोकरी मिळाली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पहिली.

"मधली वीस वर्षं?" मॅडमनी कागदावरून मान वर न करता विचारलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील.

"घरी होते. मुलगी वाढवली."

"म्हणजे नोकरी नाही."

"पगार नाही," मी म्हटलं, आणि लगेच वाटलं, जास्त बोलले.

लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की बेल दाबतं, ती बेल इथे वाजते. मॅडमनी एक रेकॉर्डिंग लावलं. आतली बाई सारखी म्हणत होती, माझी मीटिंग आहे, मला मीटिंगला जायचंय. "हिला काय हवंय ते ओळखा. आमच्या माणसांना हे जमायला महिना जातो."

"मीटिंग वगैरे काही नाही हो," मी म्हटलं. "तिला बाथरूमला जायचंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कशावरून?"

"वाक्य संपताना श्वास धरतेय. माझी मुलगी शाळेच्या बसमध्ये असंच बोलायची."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे कुठे शिकलात?"

"घरी."

दोन महिने बघतील, मग कायम करायचं की नाही ते ठरवतील. नवऱ्यानं मुलीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "बरं." मी फोन केला, तो तिनं उचलला नाही. नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून ती माझा एकही फोन उचलत नाही. नव्या नोकरीत काम फार असतं. तरी मी रोज लावते. एकदा उचलेल, एवढंच हवंय मला. हेही लिहून ठेवते, म्हणजे उगाच दुसरं काही कारण सांगायला नको: घर इतकं गप्प झालंय की मी दुसऱ्यांच्या बेला ऐकायला निघालेय.

७ जानेवारी

खोलीला खिडकी नाही. भिंतीवर मोठा फलक आणि त्यावर बारीक दिवे. एक दिवा म्हणजे कुठल्यातरी गावातली एक लिफ्ट. बेल दाबली की दिवा लागतो, आपण हेडफोन चढवायचा. समोरच्या पडद्यावर गाव आणि इमारत दिसते, मेकॅनिकला कळवायचं आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं. बंद खोलीतल्या घाबरलेल्या जिवाला नुसत्या आवाजानं धरून ठेवायचं. दाराच्या या बाजूला उभं राहून हे मी किती वर्षं केलंय.

त्या दिवशी हसले ते गृहस्थ पूर्वी रेडिओवर निवेदक होते. सगळे त्यांना निवेदकच म्हणतात. ते अडकलेल्या माणसाला बातमी दिल्यासारखं सांगतात, "आपण सुरक्षित आहात. कृपया संयम राखावा." लोकांचा असलेला संयमही सुटतो.

भिंतीवर नियम चिकटवलाय. विचारा आणि थांबा. पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "मी ऐकतेय. तुम्हाला काय हवंय?" त्यापुढे समोरचा बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं.

मला हे हास्यास्पद वाटतं. जे ऐकूच येतंय ते विचारायचं कशाला? घसा कोरडा पडला की 'मी'चा उच्चार जाड होतो. घाबरलेला माणूस प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो. भुकेला माणूस चिडतो आणि माफी मागतो. मी सरळ सांगते, "खाली बसा. बूट काढा. पिशवीत बिस्किटं आहेत ना, त्यातलं एक खा."

"तुम्हाला कसं कळलं बिस्किटं आहेत?" आज एकानं विचारलं.

मलाही नाही सांगता आलं. पण होती.

१३ जानेवारी

दोन वकील एका लिफ्टमध्ये अडकले आणि आतच भांडायला लागले. मी दोघांना दोन भिंतींकडे तोंड करून उभं केलं. थोड्या वेळानं मेकॅनिकचा फोन. हा मेकॅनिक मोठा गमत्या आहे. "ताई, काय मंत्र मारलात? दार उघडून उभा आहे मी, पण साहेब लोक भिंतीकडेच तोंड करून! वळा म्हटलं तरी वळेनात. शेवटी मी त्यांना दंडाला धरून वळवलं."

आम्ही खूप हसलो. रात्री नवऱ्याला सांगितलं, तो मात्र हसला नाही. म्हणाला, "वकील होते ना? मोठी माणसं?"

२० जानेवारी

निवेदकांनी आज चहा पिताना एक विचित्र गोष्ट सांगितली. "वाईट वाटून घेऊ नका. पण दिवा लागायच्या आधी तुम्ही हेडफोन घालता."

"सवय असेल हो. हात आपोआप जातो."

"तसं नाही. तुम्ही घालता, मग दिवा लागतो. काल मी मुद्दाम बघत होतो. एकदाही चुकला नाहीत." ते कपात बघत राहिले. "एकदा तर तुम्ही 'घाबरू नकोस' म्हणालात आणि मग बेल वाजली."

मुलगी तान्ही असताना मी तिच्या आधी जागी व्हायचे. सगळ्या आया होत असतील. पण घरी कुणी माझ्याकडे टक लावून बघत नव्हतं, म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

२९ जानेवारी

आज सुट्टी. सकाळी नवरा चहाचा कप हातात धरून बराच वेळ बसला होता.

"मला साखर आवडते का गं?"

"आवडते की."

"नाही, मी कधी सांगितलं होतं का, ते आठवत होतो."

"सांगायला कशाला पाहिजे?"

"तेही खरंच," म्हणाला आणि प्यायला.

मग मीच विषय काढला. मुलीला थंडीचे कपडे पाठवू का? तो म्हणाला, तिनं मागितलेत का? मी म्हटलं, ती कुठे कधी काही मागते? लहानपणापासून एक गोष्ट मागितली नाही तिनं. इतकं गुणी पोर.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जाताना तिनं बॅग ओतली होती. आठवतं?"

कसं नाही आठवणार. मी बॅग भरून दारात ठेवली होती. रिक्षा खाली उभी. ती आली, काही न बोलता चेन उघडली आणि सगळी बॅग जमिनीवर उपडी केली. मग मांडी घालून बसली आणि तेच कपडे, त्याच घड्या, त्याच क्रमानं परत भरले. एकही वस्तू काढली नाही, एकही वाढवली नाही. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. तेच परत भरायचं होतं तर ओतली कशाला? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

४ फेब्रुवारी

एक वाईट गोष्ट घडली. वाईट म्हणावी की नाही, कळत नाही.

एक दाताचे डॉक्टर त्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकले. भला माणूस, पण श्वास फारच वर लागलेला. मी त्यांना खाली बसवलं, डोळे मिटायला सांगितले, हळूहळू आवाज खाली आणला. मी गुणगुणतेय हे माझ्याही लक्षात आलं नाही. मेकॅनिक निघाल्याचं कळलं आणि त्याच वेळी दुसरा दिवा लागला, म्हणून मी तिकडे गेले.

संध्याकाळी मेकॅनिकचा फोन आला. आज त्यानं काही गंमत केली नाही. "ताई, तुम्ही त्या डॉक्टरला काय सांगितलं होतं?"

"का?"

"मला पोचायला संध्याकाळ झाली, लिफ्ट त्याआधीच चालू झाली होती. दार उघडं. बाहेर त्याचे पेशंट उभे, कंपाउंडर उभा. आणि हा आत मांडी घालून, डोळे मिटून. मी म्हटलं, साहेब, झालं, या बाहेर. तर म्हणतो, अजून तिनं सांगितलं नाही. कंपाउंडर सांगत होता, सगळी दुपार तसाच बसलेला. लोक त्याच्यासकट वर-खाली करत होते."

फोन ठेवल्यावर मी घाबरले. पण खरं लिहायचं तर, कुठेतरी आत फार बरंही वाटलं. हे इथेच राहू दे.

१० फेब्रुवारी

बेला वाढल्यात. बिघाड नसलेल्या लिफ्टमधून येतात.

"बोला, काय झालं?"

"काही नाही. बाहेर गार आहे का, ते विचारायचं होतं. स्वेटर घालू?"

बँकेतली अधिकारी बाई आहे ती. मागच्या आठवड्यात अडकली होती. तिच्यानंतर एक ठेकेदार, भरदार आवाजाचा माणूस. "जेवलो मी," एवढंच सांगून बंद केलं. मग त्या दोन वकिलांतला एक. तो दुसऱ्याची तक्रार सांगत होता.

निवेदकांनी त्यांची खुर्ची थोडी पलीकडे सरकवली आहे.

१५ फेब्रुवारी

एक दिवा वेगळा आहे. संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर लागतो. मी "मी ऐकतेय" म्हणते आणि पलीकडे नुसता श्वास. एक शब्द नाही. पडद्यावर गाव दिसलं, आमच्या मुलीचंच गाव. सात मजली ऑफिसची इमारत.

"घाबरलीस का?" बाईचा श्वास आहे, एवढं कळतं. "तहान लागलीय? अंधार आहे का आत? पाय दुखतायत?" एकेक विचारत गेले. दुसरी माणसं एवढ्यात ओक्साबोक्शी रडतात किंवा हसतात. इथे काही नाही. मग दिवा विझला.

तिथल्या मेकॅनिकला पाठवलं. लिफ्टमध्ये काही दोष नाही. रखवालदार त्याला म्हणाला, एक मुलगी आहे, सगळे गेले की लिफ्टमध्ये शिरते, दार लावून उभी राहते आणि थोड्या वेळानं निघून जाते.

नवऱ्याला सांगितलं. "तिच्याच गावची?" त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, एवढं मोठं गाव, लिफ्ट काय एकच आहे? तो ताटावरून तसाच उठला.

१८ फेब्रुवारी

पुन्हा तो श्वास. डाव्या नाकपुडीत किंचित अडकतो. सर्दी जुनी आहे, वाफ घ्यायला हवी. मी तसं सांगितलं. श्वास थांबला. पूर्ण थांबला. मग दिवा विझला.

मला राग आला. मदत नको तर बेल कशाला दाबायची?

२३ फेब्रुवारी

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, बंद केलेलं.

"तक्रार एकही नाही," त्या म्हणाल्या. "तीच काळजी आहे. तुमच्याशी बोललेला माणूस कधी तक्रारच करत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"तुम्ही लोकांना विचारत नाही. सांगता. आणि ते ऐकतात." त्यांनी यंत्राला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "काल मी तुमची रेकॉर्डिंग ऐकत होते. त्यात तुम्ही त्या डॉक्टरला म्हणालात, डोळे मीट. मी मिटले."

"थकला असाल तुम्ही. झोप नीट होत नाही ना? डाव्या खांद्याला—"

"बघा." त्यांनी हात वर केला. डोळ्यांत पाणी होतं. एवढी कडक बाई, पण त्या क्षणी चार वर्षांची दिसत होती. "आत्ताही तुम्ही तेच करताय. आणि मला वाटतंय, करू द्यावं. सफाईवाले आले म्हणून काल मी डोळे उघडले. नाहीतर किती वेळ बसले असते, देव जाणे."

मग त्यांनी पदर सावरला, आवाज सावरला. "उद्यापासून भिंतीवरचं वाक्य. त्यापुढे एक अक्षर नाही. समोरचा बोलला तरच तुम्ही बोलायचं. जमलं तर कायम करते. अशी माणसं ओळखणारी बाई मला परत मिळणार नाही, हेही माहितीये मला."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तर थांबायचं."

२४ फेब्रुवारी

थांबणं फार भयंकर आहे. अंगात येतं ते सगळं जिभेखाली दाबून धरायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना काय हवंय ते मला दिवा लागायच्या आधीच ठाऊक होतं. मी विचारलं आणि बसून राहिले. ते बराच वेळ चाचरत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या बायकोला फोन करून सांगाल का, उशीर होईल म्हणून?"

मी पाणी धरलं होतं. म्हणजे मला वाटलं होतं, पाणी.

इतक्या दिवसांत मी चुकले असेन का कधी? कळायला मार्गच नाही. मी दिलं ते सगळ्यांनी घेतलं.

२७ फेब्रुवारी

आज तो दिवा लागला आणि माझा हात हेडफोनकडे गेला तो दिवा लागल्यानंतर. निवेदकांनी ते बघितलं.

"मी ऐकतेय. तुला काय हवंय?" 'तुम्हाला' म्हणायचं असतं. तोंडातून 'तुला' गेलं.

मग थांबले. श्वास येत होता, जात होता. मी ऐकत होते आणि हळूहळू एक लक्षात आलं. या श्वासात काय आहे ते मला काहीही कळत नव्हतं. तहान नाही, भीती नाही, थंडी नाही. आजवर असं एकदाही झालं नव्हतं. ऐकू येणारं माणूस आणि आत काय आहे त्याचा पत्ता नाही. अनोळखी घराच्या बंद दाराला कान लावल्यासारखं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पलीकडून कुणीतरी बोललं. घोगरा, वापरात नसलेला आवाज. माझ्या ओळखीचा नव्हता.

"पुन्हा विचार."

मी विचारलं, "तुला काय हवंय?"

उत्तर आलं नाही. पण दिवा लगेच विझलाही नाही. आम्ही दोघी तशाच थांबलो.

१ मार्च

रोज लागतो. रोज तेवढंच. "पुन्हा विचार." मी विचारते. कधी दोनदा, कधी चारदा. बाकीच्या बेला कमी झाल्यात. बँकवाली बाई शेवटचं म्हणाली, "तुम्ही आता तशा राहिला नाहीत," आणि ते खरं आहे. निवेदकांनी खुर्ची परत जवळ आणली.

मी मुलीला फोन लावणं थांबवलंय. का, ते माहीत नाही. लावावासा वाटला की त्या आवाजाची आठवण होते आणि हात थांबतो.

३ मार्च

नवरा आज स्वतःहून बोलायला लागला. आधी चहात साखर न घालता एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग स्वतः उठून घातली.

"एक सांगायचं राहिलंय. तिनं मला विचारलं होतं. तुझी कामाची पाळी किती ते किती असते ते. तुला नोकरी लागली त्याच महिन्यात."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? आपल्या मुलीनं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "कंपनीचं नावही विचारलं. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, आमच्या ऑफिसच्या लिफ्टवर तेच लिहिलंय."

मी ओट्यापाशी उभी होते. बसले.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला कळलं असेल असं वाटलं," तो म्हणाला. "तुला सगळं कळतं ना."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

मी तिच्या तान्हेपणापासूनचे सगळे आवाज मनात लावून बघितले. दात येतानाचा, तापातला, परीक्षेच्या दिवशीचा. त्यात हा घोगरा आवाज कुठेच नाही. स्वतःसाठी बोलताना तिचा आवाज असा असतो. मी तो कधी ऐकलेलाच नव्हता.

५ मार्च

मॅडमनी कायम केल्याचं सांगितलं. बोलताना एक हात यंत्रावर होता, सहज ठेवावा तसा. "आता कसं काय जमायला लागलं तुम्हाला?" मी म्हटलं, सराव. त्यांनी अभिनंदन केलं, मी आभार मानले, आणि पुढे काय बोललो ते आठवत नाही. फलकावर तो दिवा अजून लागायचा होता.

लागला. तिनं म्हटलं, मी विचारलं, आम्ही थांबलो. तिला माहीत आहे की मला माहीत आहे का? तेही मला कळत नाही. आज ती गेल्यावर मला घाबरायला झालं. ही अशीच रोज त्या बंद पेटीत येऊन उभी राहणार, मी रोज विचारणार, आणि दोघींना तेवढंच पुरायला लागेल. त्या डॉक्टरांसारखं. दार उघडं, लिफ्ट चालू, आणि आत बसलेलं माणूस. या वेळी आत ती आहे की मी, हेही मला सांगता येत नाही.

६ मार्च

रात्रभर एकच वाक्य घोळवतेय. नियमात बसत नाही. हे सांगणं नाही, पण तिला काय हवंय ते विचारणंही नाही. मला काय हवंय, ते आहे. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागतोय.

ती नाही म्हणेल. हे मला जवळजवळ नक्की वाटतंय, आणि माझं वाटणं आता किती धरायचं ते मी शिकतेय. पण नाही म्हणायलासुद्धा तिला तोंड उघडावं लागेल. तिच्या तोंडून 'नाही' मी आजवर ऐकलेलं नाही. तिनं बॅग ओतली, फोन उचलला नाही, श्वास रोखून धरला. म्हटलं कधीच नाही.

आज संध्याकाळी दिवा लागेल. मी लागायची वाट बघेन, मग हेडफोन घालेन, आणि म्हणेन:

मी माझ्या सुट्टीच्या दिवशी तिकडे येऊ का? डबा आणणार नाही, कपडे आणणार नाही. वरही येणार नाही. तळमजल्यावर लिफ्टच्या बाहेर उभी राहीन, आणि तू दार उघडून बाहेर आलीस तर मला बघू देशील का, एकदा?